एकाच पंक्तींतील निराळें ताट

पंक्ति एक असली तरी प्रत्येकाची भूक व प्रकृति एक नसते, हें आमच्या गृहिणींस सांगावयास नको. परंतु घरांतील एखादें माणूस मनोविकाराचें औषध घेऊं लागलें आणि अंगानें सुटूं लागलें, कीं हें शहाणपण आपण विसरतों. ‘तोंड आवर’, ‘एकादशी धर’, असा उपदेश चहूंकडून सुरू होतो. म्हणून या खेपेस त्याविषयीं लिहीत आहों.

ज्या विकारांत मन कधीं अनावर उत्साहानें उसळतें, तर कधीं खिन्नतेंत बुडतें, त्यास बायपोलर अथवा द्विध्रुवी विकार म्हणतात. त्यावरील ओलान्झपीन, क्वेटियापीन, व्हॅल्प्रोएट या औषधांनीं वजन वाढण्याचा संभव असतो. ओलान्झपीन तर भूकच वाढवितें; रुग्ण अधाशी झाला असें नव्हे. उलट लॅमोट्रिजीननें वजनांत बहुधा फारसा फरक पडत नाहीं. लिथियमनें तहान वाढते. ती गोड सरबतांनीं भागविली तर वजन वाढावयाचेंच. शिवाय त्यानें थायरॉइड ग्रंथि मंदावूं शकते. तेव्हां एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडेलच असें नाहीं.

ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर जॉन केड यांनीं १९४९ सालीं लिथियमचा उन्मादावरील गुण प्रसिद्ध केला. तें आजही मोलाचें औषध आहे. परंतु शरीरांतील मीठ वा पाणी एकाएकीं घटलें, तर मूत्रपिंडें लिथियम पुरेसें बाहेर टाकीत नाहींत व तें रक्तांत सांचून विषासमान होतें. हात फार कांपणें, ओकारी, जुलाब, चाल अडखळणें हीं त्याचीं लक्षणें. तीं दिसतांच डॉक्टर गांठावा. अशा रुग्णानें अळणी जेवण वा निर्जळी उपवास डॉक्टरांस विचारल्यावांचून मुळींच करूं नये.

मग करावें काय? औषध आपल्या मनानें सोडूं नये. वजन उतरेल तेव्हां उतरेल, विकार मात्र उलटेल. आरंभापासूनच वजन व कमरेचा घेर टिपावा, रक्तांतील साखर तपासावी. वजन वाढूं लागतांच डॉक्टरांस सांगावें. ते औषध बदलूं शकतात, कधीं मेटफॉर्मिनची जोड देतात. खिन्नतेच्या दिवसांत अंगणांतील चार फेऱ्याही पुष्कळ समजाव्या. उत्साहाच्या भरांत तो रात्रीं जागून व्यायाम करूं लागला, तर कौतुक न करितां त्याची झोप जपावी. जेवणाची व निजण्याची वेळ नित्य एकच असावी.

आणि आग्रहानें चौथी पोळी वाढून पांचवीवर टोमणा मारण्याची आपली रीत त्याच्यापुरती तरी सोडावी. त्याच्या ताटांत काय असावें हें त्यानें व डॉक्टरांनीं ठरवावें. घरानें तें निमूटपणें वाढावें.