उशीर कोणाचा?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्यांत कल्याणचेही होते. काही रुग्ण अत्यवस्थ होऊनच आले, असा खुलासा तेव्हा झाला. जणू उशीर हा रुग्णाचाच अपराध! वस्तुतः रुग्ण उशिरा का पोहोचतो, हा प्रश्न अर्थकारणाचा आहे.

यकृताचा सिऱ्होसिस झालेल्या माणसाचेच उदाहरण घ्यावे. त्याचे यकृत आतड्यांतून रक्तात शिरणारे जंतू पुरेसे गाळू शकत नाही. जलोदराचे पाणी सहज दूषित होते. कित्येकदा ताप नसतो, पोटही दुखत नाही. माणूस केवळ बरळू लागतो, आणि घरच्यांना वाटते, प्यायला असेल. (हिपॅटायटिस बी आणि सी यांनीही यकृत असेच नासते, हे सोयीस्करपणे विसरले जाते.) रक्तदाब मुळातच कमी असल्याने सेप्टिक शॉकची सुरुवातही नजरेतून निसटते, आणि त्यानंतर प्रतिजैविकाला लागणारा प्रत्येक तास जगण्याची शक्यता घटवतो.

निदानाला लागते काय? पोटातील पाणी काढण्याची सुई आणि एक सूक्ष्मदर्शक. एका घन मिलिमीटरमध्ये २५० न्यूट्रोफिल पेशी आढळल्या, की उपचार सुरू करावयाचे. कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयांत ही सोय अहोरात्र हवी. मग औषधाची पहिली मात्रा घेऊनच रुग्ण कळव्याची वा मुंबईची वाट धरील. महापालिकेने अंदाजपत्रकात आधी रात्रपाळीच्या तंत्रज्ञाचा पगार दाखवावा. नव्या इमारतींच्या कोनशिला मागाहून बसवता येतील.