सोन्याचे दुसरे मोल

जळगावचे सोने आजवर तोळ्यानेच मोजले गेले. त्याचे आणखी एक मोल आहे आणि ते प्रकाशाच्या संगतीत ठरते. सोन्याच्या पातळ वर्खातून हिरवा प्रकाश झिरपतो, तर त्याचेच सूक्ष्म कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात, हे मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली दाखविले. कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरींबरोबर आंदोलित होतात. कोणते किरण शोषावयाचे, हे कणाचा आकार ठरवितो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ साली गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी कण घडविले. त्यांचा थर काचेवर दिल्यास उजेड आत येतो, पण उन्हातील तापदायक अवरक्त किरण बरेचसे थरातच शोषले जातात.

बोदवडला वैशाखात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. मुले त्याच झळांत परीक्षा देतात. असा थर महाग पडेल, ही शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर अंदाजाने नव्हे, प्रयोगानेच मिळेल. तो प्रयोग जळगावच्या विद्यापीठाने आणि सराफ बाजाराने मिळून येथेच का करू नये? तिजोरीतील सोने ही संपत्ती खरी. पण ज्ञानाची जोड लाभल्याखेरीज तिचे भांडवल होत नाही.