पॅराशूटचे कापड, ऊन आणि धूळ : न दिसणाऱ्या झिजेची नोंद हवी

२४ ऑगस्ट २०२५ रोजी श्रीहरिकोट्याजवळ ‘गगनयान’ मोहिमेची एक महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. सुमारे पाच टन वजनाची अंतराळकुपीची प्रतिकृती चिनूक हेलिकॉप्टरमधून सोडण्यात आली आणि पॅराशूटांच्या आधाराने ती समुद्रात सुखरूप उतरली. उघडलेल्या त्या छत्र्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी अभिमानाने पाहिली. परंतु पॅराशूटविषयीचा एक तितकाच गंभीर प्रश्न बातम्यांत क्वचितच येतो : ते वापरात असताना आणि जमिनीवर पडून असताना त्याच्या कापडाचे काय होते?

अंतराळकुपीचे पॅराशूट एकाच मोहिमेसाठी असते आणि तोवर बंदिस्त राहते. छत्रीधारी सैनिकांचे आणि हौशी स्कायडायव्हरांचे पॅराशूट मात्र शेकडो वेळा उघडते, मैदानात पसरते, धुळीत ओढले जाते व पुन्हा घडी होऊन पाठीवर चढते. या प्रत्येक फेरीत ऊन आणि माती त्यातून थोडे थोडे बळ काढून घेतात.

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहू. पॅराशूटचे कापड आणि पट्टे प्रामुख्याने नायलॉनचे असतात. नायलॉनच्या लांब रेणुसाखळीतील कार्बन-नायट्रोजन बंध तोडण्यास साधारण ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. लाल प्रकाशाच्या एका फोटॉनकडे सुमारे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात; तो बंधाला धक्का लावू शकत नाही. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील फोटॉनकडे मात्र ४.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात. धाग्यातील अल्पशी अशुद्धी असे फोटॉन शोषते, मुक्त मूलके निर्माण होतात, हवेतील ऑक्सिजन त्यांच्याशी संयोग पावतो आणि साखळी मध्येच तुटते. साखळ्या आखूड झाल्या की कापड ठिसूळ होते. अतिनील किरणांपुढे केवलार तर नायलॉनहूनही हळवे आहे.

अडचण अशी की ही झीज डोळ्यांना दिसत नाही. रंग फिका पडणे ही सूचना खरी, पण रंगद्रव्याचे विघटन आणि नायलॉनचे विघटन या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. रंग टिकला म्हणून बळ टिकले असे मानता येत नाही. ढगाळ हवेतही अतिनील किरण पोहोचतात. खिडकीची काच त्यांतील अधिक ऊर्जेचे किरण बरेचसे अडवते, पण सौम्य अतिनील किरण आत येऊ देते. मोटारीच्या मागच्या काचेखाली ठेवलेली पिशवी सुरक्षित आहे, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

धुळीचे काम निराळे. मातीतील क्वार्ट्झचे कण नायलॉनपेक्षा कितीतरी कठीण असतात. ते विणीत अडकतात आणि छत्री उघडताना, घडी घालताना धाग्यांवर कानसीसारखे घासतात. मग धुऊन टाकावे, असे सहज वाटेल. पण छत्रीची हवा रोखण्याची क्षमता विणीच्या घट्टपणावर व वरील लेपावर अवलंबून असते, आणि धुण्याने, चोळण्याने तीच कमी होते. म्हणून कोरडी धूळ झटकणे, मऊ ब्रशने काढणे आणि मुळात स्वच्छ चटईवर सावलीत घडी घालणे, हाच शहाणपणाचा मार्ग.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पॅराशूटची सुरक्षितता ‘एक निकामी झाले तर दुसरे आहे’ या तत्त्वावर उभी असते. समजा, एक छत्री निकामी होण्याची शक्यता हजारात एक आहे. दोन्ही एकाच वेळी निकामी होण्याची शक्यता मग दहा लाखांत एक, असे आपण शाळेतच शिकतो. परंतु हा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा दोन्ही बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतात. स्कायडायव्हरची राखीव छत्री बहुतेक काळ अंधारात मिटलेली असते, हे चांगलेच आहे. पण मुख्य आणि राखीव या दोन्ही छत्र्या ज्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात, ते शरीराभोवतीचे पट्टे एकच असतात, आणि तेच सर्वाधिक उन्हात राहतात. जाड पट्ट्याचे वरचे धागे आतल्या धाग्यांना सावली देतात. शिलाईचा दोरा मात्र पृष्ठभागावर उघडा असतो. तो कमकुवत झाला तर वरचा गुणाकार कागदावरच राहतो.

अदृश्य झिजेचा धडा जगाने एकदा घेतलेला आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही गोल राखीव छत्र्यांचे कापड जाळीतील आम्लामुळे दुबळे झाल्याचे आढळले. या छत्र्या उन्हात नव्हत्या, घडीतच होत्या. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या साध्या दर्शकाच्या रंगबदलाने आम्ल ओळखता आले आणि कापड ताणून त्याचे बळ तपासता आले. दिसत नाही ते मोजता येते, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे ही मोजणी अधिक निकडीची आहे. उन्हाळ्यात देशाच्या बऱ्याच भागांत दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि उत्तरेच्या मैदानांतील व वाळवंटातील धूळ वेगळी सांगायला नको. थंड, ढगाळ देशांतील अनुभवावरून बेतलेली आयुर्मर्यादा येथे जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे. माझ्या मते प्रत्येक साहित्यसंचासोबत उड्यांच्या संख्येइतकीच उन्हात गेलेल्या तासांची नोंद ठेवली जावी. त्याच कापडाचा व त्याच दोऱ्याचा एक साक्षी तुकडा संचासोबत ऊन सोसत राहावा आणि ठरावीक काळाने तो ताणून तोडून पाहावा. अशा मापनांचे निष्कर्ष, जेथे संरक्षणविषयक गुप्ततेचा प्रश्न नाही तेथे, सर्वांना खुले असावेत.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एकाच नायलॉन कापडाच्या समान रुंदीच्या पट्ट्या कापा. काही गच्चीवर उघड्या ठेवा, काही काचेखाली, काही जाड सुती आच्छादनाखाली आणि काही अंधाऱ्या कपाटात. दर पंधरवड्याला प्रत्येक गटातील काही पट्ट्यांना वजने टांगून त्या किती भाराला तुटतात ते नोंदवा. एकाच पट्टीवर विसंबू नका. सरासरीबरोबर विचलनही लिहा. तीन-चार महिन्यांत तुमच्या गावाच्या उन्हाचा आलेख तुमच्या हाती असेल, आणि तो दुसऱ्या कोणाकडे बहुधा नसेल.

नवे पॅराशूट घडवणाऱ्यांचा सन्मान व्हायलाच हवा. जुने पॅराशूट आणखी एका उडीला योग्य आहे की नाही, हे पुराव्याने सांगणारे विज्ञानही तितक्याच मानाचे आहे. कारण त्या उत्तरावर कोणाचा तरी जीव टांगलेला असतो.