स्मृतिभ्रंशग्रस्त ज्येष्ठांची जिल्हा पाहणी व उपचार यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
बालाघाट, मध्य प्रदेश

प्रत : मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकारी, बालाघाट

विषय : स्मृतिभ्रंशाची जिल्हा पातळीवर शास्त्रीय पाहणी करून उपचारांची सोय करण्याबाबत

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बालाघाट, वारासिवनी, कटंगी व लांजी भागातील मराठीभाषक ज्येष्ठ नागरिक आणि त्यांची शुश्रूषा करणारे कुटुंबीय आहोत. ताट उचलून घटका होत नाही तोच "मला कुणी जेवायलाच वाढलं नाही" म्हणून सासूबाई रडतात. दिवेलागणीला आजोबा "घरी जातो" म्हणत स्वतःच्याच घरातून निघतात आणि सुनेला रात्री बांधाबांधाने शोधत फिरावे लागते. गावात याला म्हातारचळ म्हणतात. हा मेंदूचा आजार आहे, हे कळेपर्यंत वर्षे निघून जातात.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशातील ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. तिला जोडून दिल्लीच्या एम्ससह झालेल्या अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले. मात्र या पाहणीचा नमुना देश व राज्यांचे चित्र दाखवण्यासाठी होता, जिल्ह्यांचे नव्हे. २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर लोकसंख्या असलेल्या बालाघाटात किती घरे हा भार वाहतात, हे त्यातून कळत नाही. आकडाच नसेल तर डॉक्टर, औषधे आणि निधी कशाच्या आधारे मागायचा?

मोजणीची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. कधी शाळेत न गेलेल्या आजीला आजची तारीख विचारली तर ती गप्प बसेल. पण उद्या एकादशी आहे हे बिनचूक सांगेल. अशा बाईला शून्य गुण देणे हा अन्याय आहे. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर ज्येष्ठांसाठी हिंदीत खास चाचणी तयार झाली होती. आमच्याकडे मराठी, पोवारी आणि गोंडी बोलणाऱ्यांसाठी तशीच तयारी हवी.

आमच्या मागण्या :

१. आशा कार्यकर्त्या भरतात त्या आरोग्य तपासणी फॉर्ममध्ये ज्येष्ठ व्यक्ती जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरतात का, हा प्रश्न आहे. त्याची उत्तरे विकासखंडनिहाय संकलित करावीत.

२. वरील संस्थांच्या मार्गदर्शनाखाली जिल्ह्याची नमुना पाहणी करावी. ज्येष्ठांच्या चाचणीबरोबर घरच्यांचीही मुलाखत घ्यावी. बैहर भागातील गोंड व बैगा कुटुंबे त्यात आवर्जून असावीत.

३. पाहणीपूर्वी संमती घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत आणि निष्कर्ष ग्रामसभेत सांगावेत.

४. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस स्मृती तपासणीसाठी ठेवावा. थायरॉईड, ब-१२ ची कमतरता व नैराश्य यांनीही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून या तपासण्या तेथेच मोफत व्हाव्यात.

५. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानुसार रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण यांसह १४ घटक आवरले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. त्यासाठी गावपातळीवर नियमित तपासणी करावी व गरजूंना श्रवणयंत्रे द्यावीत.

६. शुश्रूषा करणाऱ्यांना मराठी व हिंदीत प्रशिक्षण द्यावे. रोजंदारी सोडून घरी बसलेल्या सुना-मुलींसाठी दिवसभराच्या देखभाल केंद्राची सोय करावी.

पहिल्या मागणीला नवा कर्मचारी लागत नाही. ते काम याच महिन्यात सुरू होऊ शकते. पाहणीचा आराखडा येत्या २१ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनापर्यंत, जाहीर करावा आणि आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावा, ही नम्र विनंती. पाहणीच्या वेळी घरोघरी सोबत फिरण्याची आणि भाषेसाठी मदत करण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले विनीत,
ज्येष्ठ नागरिक व शुश्रूषा करणारे कुटुंबीय, जिल्हा बालाघाट
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)