गोड पाणी आणि ठिसूळ हाडे

नव्या विंधण विहिरीला पाणी लागले म्हणजे गावात त्याची परीक्षा ठरलेल्या रीतीने होते. प्रथम ते चाखून पाहतात. दुसऱ्या दिवशी त्यात तुरीची डाळ शिजवून पाहतात. आणि धुण्याच्या दगडावर साबणाला फेस कसा येतो, हे घरातील बाया पाहतात. पाणी गोड लागले, डाळ मऊ शिजली व फेस भरपूर आला, की विहीर पावली असे समजून नारळ फोडला जातो आणि जुन्या आडाकडे हळूहळू कोणी फिरकेनासे होते. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे व उथळ विहिरींच्या काळात ती पुष्कळ अंशी पुरेशीही होती. परंतु दोनशे-तीनशे फूट खोल कातळातून वर येणाऱ्या पाण्याच्या बाबतीत ती अपुरी पडते. इतकेच नव्हे, तर कित्येकदा उलटी साक्ष देते.

याचे कारण असे. ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांत फ्लोराइड नावाचा क्षार असतो. पाण्यात चुन्याचा अंश भरपूर असेल, तर तो फ्लोराइडला बांधून खाली बसवितो. चुना कमी व सोडा अधिक असेल, तर फ्लोराइड पाण्यात विरघळून राहते. आणि चुना कमी असलेले पाणी म्हणजेच ज्यात डाळ लवकर शिजते व साबणाला फेस येतो ते पाणी! सारे हलके पाणी दूषित असते असा याचा अर्थ मुळीच नव्हे. परंतु डाळ शिजली म्हणून पाणी निर्दोष ठरले, असे मानण्यास यापुढे आधार उरलेला नाही. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. तुरटी नुसती फिरवून किंवा जंतुनाशक पावडर टाकूनही ते जात नाही.

आपल्या देशात या रोगाची पहिली नोंद कशी झाली, ती हकीकत प्रत्येक शेतकऱ्याने वाचण्यासारखी आहे. मद्रास इलाख्यातील तेव्हाच्या नेल्लोर जिल्ह्यात (हा भाग आज आंध्र प्रदेशात मोडतो) १९३० नंतरच्या वर्षांत शेतकऱ्यांच्या असे ध्यानात आले, की चांगले धडधाकट बैल अकाली लंगडू लागले आहेत. सांधे आखडलेले, चाल जड झालेली, नांगराला जुंपले तर ओळीत चालत नाहीत. काही वर्षांनी तशीच लक्षणे माणसांत दिसू लागली. शॉर्ट या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागातील रोग्यांची तपासणी करून १९३७ साली असे प्रसिद्ध केले, की हा वात नव्हे. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड वर्षानुवर्षे हाडांत साठून झालेला हा विकार आहे. पुढे १९४० मध्ये चिं. गो. पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील याच रोगाचा अभ्यास करताना पाण्याबरोबर आहाराचाही त्यात वाटा असल्याचे दाखविले. डॉ. पंडित हे नंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. संशोधन प्रयोगशाळेत पूर्ण झाले हे खरे, पण त्याची सुरुवात गोठ्यात झाली. बैलाच्या पायाकडे बारकाईने पाहणारी दृष्टी त्या शेतकऱ्यांजवळ नसती, तर डॉक्टर त्या गावांत पोहोचण्यास किती वर्षे लागली असती, कोण जाणे.

अमेरिकेत हा शोध दातांवरून लागला. कोलोराडो प्रांतात १९०१ साली मॅके नावाच्या दंतवैद्याला तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. त्याचे कारण पाण्यातील फ्लोराइड हे आहे, हे सिद्ध होण्यास १९३१ साल उजाडावे लागले. तीस वर्षे! आज तीच परीक्षा एखाद्या दिवसात व अल्प खर्चात होते, हे लक्षात घेतले म्हणजे ती न करण्याचे समर्थन करणे कठीण जाते.

हाडांत नेमके काय घडते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण याबाबत सुशिक्षितांतही गैरसमज आहे. हाड ही काही निर्जीव काठी नव्हे. ते सतत झिजत असते व सतत नव्याने भरले जात असते. पोटात गेलेल्या फ्लोराइडपैकी प्रौढ माणसाच्या शरीरात जवळपास निम्मे हाडांत जाऊन बसते आणि उरलेले मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. वाढत्या वयाच्या मुलांची हाडे याहून पुष्कळ अधिक शोषून घेतात. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुर्बल आहेत, त्यांच्या शरीरातून ते नीट बाहेर पडत नाही. त्यामुळे त्याच पाण्याचा अपाय त्यांना इतरांपेक्षा लवकर होतो. म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याने कोणते पाणी प्यावे, हा प्रश्न त्याच्या औषधाइतकाच महत्त्वाचा समजावा.

हाडात शिरलेले फ्लोराइड त्याच्या घडणीत बदल करते. क्ष-किरणांच्या चित्रात असे हाड अधिक दाट व भक्कम दिसते. यावरून पूर्वी अशी आशा निर्माण झाली होती, की म्हातारपणी हाडे विरळ होतात त्यावर फ्लोराइड हे औषध म्हणून द्यावे. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या संस्थेत २०२ वृद्ध स्त्रियांवर चार वर्षे प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिले. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध घेणाऱ्या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. परंतु मणके मोडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, आणि हातापायांची हाडे मोडण्याचे प्रमाण तर वाढले. दाट हाड म्हणजे बळकट हाड नव्हे, हे या प्रयोगाने दाखवून दिले. जून झालेला बांबू जाड दिसतो, पण वाकवू गेले तर कडकन मोडतो, तसाच हा प्रकार म्हणावयाचा. याखेरीज सांध्यांभोवतीच्या स्नायुबंधांत चुना साचतो, पाठीचा कणा ताठतो, आणि रोग बळावल्यास कण्यातील मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडतात. या अवस्थेवर आज कोणतेही औषध नाही.

म्हणून सारा भर आधी ओळखण्यावर दिला पाहिजे, आणि तेथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम सुरू होते. शाळेत मुलांचे दात पाहावेत. दातांवर आडवे पांढुरके, पिवळे अथवा तपकिरी पट्टे असतील व ते जोडीजोडीने सारख्या दातांवर असतील, तर संशय घ्यावा. मिश्री किंवा तंबाखूचा डाग हिरडीलगत असतो व घासून कमी होतो. हा पट्टा दाताच्या घडणीतच असल्याने घासून जात नाही. मात्र पहिल्या सात-आठ वर्षांत, दात घडत असताना जे पाणी पोटात गेले, त्याचीच ही खूण आहे. प्रौढपणी त्या गावात आलेल्या माणसाचे दात स्वच्छ असूनही हाडे बिघडलेली असू शकतात. प्रौढांसाठी तीन साध्या हालचाली आहेत. गुडघे न वाकविता ओणवे होऊन पायाची बोटे धरता येतात का? हनुवटी छातीला टेकते का? दोन्ही हात डोक्यामागे नेऊन जोडता येतात का? चाळिशीच्या आतील अनेक माणसांना एकाच वस्तीत हे जमत नसेल, तर तो एकेकाचा वात समजून तेल चोळीत बसू नये. त्या वस्तीचे पाणी तपासावे.

आहाराविषयी मला थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आजच्या तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात १९७० नंतर एक नवीन प्रकार आढळला. तेथील तरुण मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांवर आदळू लागले होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याच संस्थेच्या प्रयोगांत असे दिसले, की भाताच्या आहारापेक्षा ज्वारीच्या आहारावर शरीरात फ्लोराइड अधिक राहते. यावरून ज्वारी सोडावी असे कोणी म्हणू नये. ज्वारी हे आपले उत्तम धान्य आहे व दोष पाण्याचा आहे. पण ज्वारी खाणाऱ्या गावाने पाण्याबाबत दुप्पट सावध असले पाहिजे, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो. दुसरी गोष्ट अशी, की ज्या मुलांच्या आहारात कॅल्शियम कमी, त्यांची हाडे याच पाण्याने अधिक वाकडी होतात. आतड्यातील कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते व बरेचसे शरीरात शिरू देत नाही. मग आमच्या घरांत काय चालते? म्हशीचे दूध सकाळी सगळेच्या सगळे डेअरीच्या किटलीत जाते आणि पोराच्या हाती कोऱ्या चहाची कपबशी येते. चहाच्या पानांतही फ्लोराइड असते, हे आणखी वेगळेच. दुधाचा पैसा संसाराला लागतो हे मी जाणतो. परंतु मापाला लावण्यापूर्वी पोरांपुरते एक भांडे दूध, निदान ताक, बाजूला काढावयास सांगणे हे विस्तार कार्याचेच अंग आहे. तीळ व शेवग्याचा पाला यांतही कॅल्शियम आहे, आणि दोन्ही शेताच्या बांधावर होतात.

चिंचेचाही येथे उल्लेख करावयास हवा. राष्ट्रीय पोषण संस्थेने थोड्या मुलांना रोज १० ग्रॅम चिंच देऊन पाहिली, तेव्हा लघवीवाटे जाणाऱ्या फ्लोराइडचे प्रमाण वाढले. आमटीत चिंच घालण्याची आपली रीत त्यामुळे चांगलीच ठरते. प्रयोग मात्र लहान होता. चिंच खाऊन वाईट पाणी पीत राहावे असा त्याचा अर्थ कोणी करू नये.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल, तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत हे प्रमाण ओलांडलेले आढळले आहे. एकाच गावात एका हातपंपाचे पाणी दूषित व दोनशे पावलांवरील विहिरीचे चांगले, असेही घडते. त्यामुळे ‘आमच्या गावचे पाणी तपासले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. प्रत्येक जलस्रोताचे उत्तर वेगळे मागितले पाहिजे.

माझे मत असे आहे, की पाण्याची तपासणी हा विंधण विहिरीच्या खर्चाचाच भाग धरला जावा. खोदाई, केसिंग पाइप आणि मोटार यांवर लाखभर रुपये घालणारा गृहस्थ तपासणीच्या क्षुल्लक खर्चाला कां कू करतो, हे मी पाहिले आहे. सार्वजनिक विहिरीचीही तीच गत होते. उद्‌घाटन आधी व तपासणी सवडीने. काही कार्यकर्ते म्हणतात, की आकडा जाहीर केला तर लोक घाबरतील, मुलींची लग्ने अडतील. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु ज्या वस्तीतील माणसे चाळिशीतच काठी धरून चालतात, त्या वस्तीची कीर्ती आकडा लपवून राहत नसते. दूषित पंप उखडण्याचीही गरज नाही. त्याला वेगळा रंग द्यावा, ‘धुण्यासाठी व जनावरे धुण्यासाठी’ असे लिहावे आणि पिण्याचे पाणी दुसरीकडून आणावे. गुरांना मात्र ते पाजू नये; नेल्लोरच्या बैलांचे उदाहरण वर दिलेच आहे.

दुसरे पाणी नसेल, तर शुद्धीकरणाचा विचार करावा. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आपण ज्याला नीरी म्हणतो तिने, चुना व तुरटी वापरून फ्लोराइड खाली बसविण्याची पद्धत शोधली. ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. मोजलेला चुना व तुरटी पाण्यात नीट ढवळून, गाळ बसू देऊन, वरचे निवळ पाणी काढून घ्यावयाचे असते. ही तुरटी नेहमीच्या निवळण्यापुरत्या तुरटीहून पुष्कळ अधिक लागते व तिचे माप पाण्याच्या परीक्षेवरून ठरते. अंदाजाने मूठभर टाकू नये. जास्त तुरटीचाही अपाय आहे. ही पद्धत रोज कोणीतरी निष्ठेने चालवावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी ती तेथेच थांबली. त्यामुळे जुना आड साफ करून वापरात आणणे व पावसाचे छतावरचे पाणी साठविणे हे उपाय मला अधिक भरवशाचे वाटतात. बंद पडलेला आड कचऱ्याने बुजविण्यास ग्रामपंचायतीने तर मुळीच परवानगी देऊ नये.

जलजीवन मिशनखाली २०१९ पासून प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासणीच्या संचाचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्या पाच जणी आपल्या गावात कोण, हे जलसुरक्षकाने आधी विचारून घ्यावे आणि संच कपाटात पडून असल्यास बाहेर काढावा. नमुना उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी सर्वांत खोल गेलेले असताना, एकदा घ्यावा व पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा. बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळावी. काचेची न वापरता प्लॅस्टिकची वापरावी. आणि तिच्यावर गावाच्या नावाबरोबर पंप कोणत्या आळीतला, कोणाच्या घरासमोरचा, हेही लिहावे.