हेडर कोणाला, मॅनिफोल्ड कोणाला

जुन्या पिकअपला हेडर बसवून द्या, असे म्हणत गॅरेजात येणारा ग्राहक आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचा. एक रावेर-सावद्याकडून केळी भरणारा गाडीमालक. लळिंगच्या चढावर त्याची गाडी दम टाकते आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला सांगितलेले असते, की बिडाचा मॅनिफोल्ड काढला की इंजिन मोकळे होईल. दुसरा, आजोबांची जीप किंवा बसक्या नाकाची जुनी महिंद्रा एफसी गोठ्यामागून ओढून काढून ती पुन्हा रस्त्यावर आणायला निघालेला तरुण. बाजार या दोघांनाही चार नळ्यांचा तोच चकचकीत गुच्छ विकतो. मिस्तरीने मात्र दोघांना वेगवेगळे उत्तर द्यायला हवे. आमचे मत आधीच सांगून टाकतो: माल वाहणाऱ्या डिझेल गाडीला हेडर बसवू नये. जीप-एफसीच्या हरिकेन पेट्रोल इंजिनाला बसवता येतो, पण बसवणारा चोख असला तरच.

डिझेलचे आधी पाहू. महिंद्राचे प्यूजो एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचे इंजिन, नंतरचे २५२३ सीसीचे एमडीआय, किंवा १९८८च्या टाटामोबाइलपासून पुढे आलेल्या टाटा पिकअपची इंजिने, ही सगळी ओझे असताना मिनिटाला दीड ते तीन हजार फेऱ्यांच्या दरम्यान राबतात. हेडरचा खरा फायदा एका सिलिंडरच्या धुराच्या लाटेने दुसऱ्याचा उरलेला धूर ओढून काढण्यात आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असण्याचा पुरेसा काळ आणि फेऱ्यांना जुळणारी नळीची लांबी. या डिझेलांत तो काळ अगदी थोडा असतो. लांबीचा नेहमीचा हिशेब लावला तर तीन हजार फेऱ्यांना प्रत्येक नळी दीड मीटरच्या आसपास हवी. पिकअपच्या बॉनेटखाली दीड मीटरच्या चार नळ्या कुठे ठेवणार? म्हणजे दुकानात मिळणाऱ्या आखूड हेडरवर ‘ट्यून्ड’ लिहिलेले असते, ते स्टिकरापुरतेच.

मग गाडी ओढत का नाही? याचे कारण बहुधा मॅनिफोल्डच्या आसपास असते, मॅनिफोल्डमध्ये नसते. तेलाच्या एअर क्लीनरमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू साचून चिखल झालेला असतो, नोझल टपकत असतात, पंपाचे टायमिंग सरकलेले असते, सायलेन्सर आतून काजळीने बुजलेला असतो. शेवटच्या शंकेची परीक्षा सोपी आहे: मॅनिफोल्ड आणि खालच्या पाइपचा जोड सैल करून गाडी यार्डात एक चक्कर मारा. आवाज खूप होईल, पण इंजिन एकदम मोकळे झाले तर दोष सायलेन्सरचा. ग्राहकाला ही परीक्षा त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवली की हेडरचा विषय आपोआप मिटतो. टर्बो असलेल्या पिकअपला तर हेडर अजिबात नको. तिथे मॅनिफोल्डवर टर्बोचे वजन लटकलेले असते. पातळ नळी ते पेलत नाही, आणि टर्बो फिरवणारी उष्णता वाटेतच वाया जाते.

बिडाच्या मॅनिफोल्डला आपल्या धंद्यात उगाच कमी लेखले जाते. तो जड आहे, गंजलेला दिसतो, पण थरथर सोसतो, आवाज गिळतो आणि सरळ असेल तर वर्षानुवर्षे पॅकिंग जाळत नाही. ‘सरळ असेल तर’ हीच मेख आहे. खोललेला मॅनिफोल्ड तसाच परत बसवण्याची सवय सोडली पाहिजे. पोलादी पट्टी लावून फीलर गेज घाला. अडीच-तीन दशांश मिलिमीटरची फट दिसली तर लेथवर किंवा मिलिंगवर फेस मारून घ्या. दोन जाड पॅकिंगे एकावर एक घालून फट बुजवणे म्हणजे ग्राहकाला महिन्याभराने परत बोलावणे. चीर पडली असेल तर निकेलचा रॉड वापरा, चिरेच्या दोन्ही टोकांना आधी छिद्र पाडा, सगळा तुकडा तापवूनच वेल्डिंग करा आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश निवू द्या. पंख्याखाली निववलेला जोड त्याच रात्री तडकतो.

स्टडचे दुखणे मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण हेडरचेही निम्मे अपयश त्यातच आहे. अर्ध्या मीटरचा बिडाचा तुकडा ५०० अंशांनी तापला तर सुमारे पावणेतीन मिलिमीटर वाढतो. ३०४ स्टेनलेस तेवढ्याच तापमानाला सव्वाचार मिलिमीटर वाढते. हेड किंवा ब्लॉक पाण्याने थंड राहिलेला असतो, त्यामुळे तो फारसा वाढत नाही. या ओढाताणीत पहिल्यांदा टोकाचे स्टड तुटतात, म्हणून जाणते कारखानदार टोकाची भोके मुद्दाम सैल ठेवतात. आपले काही भाऊ मात्र ‘जास्त घट्ट, जास्त पक्के’ म्हणून तिथेच लांब पाइप घालून पाना मारतात. आवळायला मधून सुरुवात करा, मग दोन्ही बाजूंना सरका. ग्राफाइट ग्रीस लावा. गाडी एकदा पूर्ण तापून निवल्यावर पुन्हा पाना फिरवा.

आता एफसी आणि पेट्रोल जीपवाल्या तरुणाकडे येऊ. हरिकेन हे १३४ घनइंचांचे, म्हणजे जवळपास २२०० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे हेडर हेडला नाही, ब्लॉकला बसतो. मंडी डबवालीसारख्या बाजारांतून जीपचे सामान सगळीकडे फिरते, पण ‘जीपचा हेडर’ एवढ्या ओळखीवर मागवू नका. आधी पुठ्ठ्यावर ब्लॉकच्या तोंडांची नक्कल काढा. काही जुन्या इंजिनांत मधल्या दोन सिलिंडरांची तोंडे ब्लॉकच्या आतच एक झालेली असतात; तिथे चार नळ्यांचा हेडर निव्वळ देखावा. नळीचा व्यास तोंडाच्या मापाच्या जवळ ठेवा. फार रुंद नळीत धुराचा वेग पडतो आणि खालच्या फेऱ्यांतला जोर जातो. शेताच्या रस्त्यावर लागतो तो नेमका तोच जोर. तोंडे वेगळी असतील आणि नळ्या जोडीने आणायच्या असतील तर फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे हे लक्षात ठेवा: १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र.

इथे घडवायचाच असेल तर सोळा गेजची, म्हणजे १.६ मिलिमीटरची नळी आणि निदान आठ मिलिमीटरचा फ्लॅंज. फर्निचरवाल्याच्या बेंडिंग मशिनवर नळी वाकवली की वाकणात ती चेपते. वाळू ठासून, तापवून वाकवणारा जुना कारागीर मिळाला तर भाग्य; नाहीतर तयार बेंड मागवा. आणि जळगावात सहज मिळते म्हणून पाण्याची जीआय पाइप कधीच वापरू नका. वेल्डिंगच्या वेळी तिच्या जस्ताचा धूर छातीत गेला की कारागीर रात्री थंडी वाजून तापाने पडतो. आर्गॉन वेल्डिंग करताना फ्लॅंज जाड प्लेटला बोल्टने आवळून ठेवा, सगळीकडे टाके मारून झाल्यावरच शिवण पुरी करा आणि थंड होईपर्यंत बोल्ट काढू नका. तरीही थोडा बाक येतोच, तेव्हा फेस मारणे टळत नाही. दोन तोंडांच्या मध्ये फ्लॅंज करवतीने कापून ठेवला तर वाढीला वाट मिळते.

एफसीचे इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध झाकणाखाली असते. जोड किंचितही गळाला तर धूर केबिनमध्ये जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ड्रायव्हरचे डोके दुखू लागले की तो दोष उन्हाला देतो. म्हणून एफसी देण्याआधी गार इंजिन सुरू करून, मागून सायलेन्सरच्या तोंडाशी ओले फडके धरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडलेच पाहिजे. इंजिन तापल्यावर जोड फुगून बसतात आणि ‘टक टक’ आवाज लपतो, त्यामुळे ही तपासणी तापण्याआधीच करायची.

उष्णतेचा हिशेब खान्देशात वेगळाच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कन्नडच्या घाटातून वर येऊन गाडी थांबली की हेडरची उघडी नळी शेजारचा पेट्रोल पंप आणि कार्ब्युरेटर भाजून काढते. पेट्रोलची वाफ होते आणि गाडी उठत नाही. मध्ये पत्र्याची ढाल घाला, पत्र्यामागे हवेला मोकळी जागा सोडा. कापडी थर्मल पट्टी दिसायला झकास, पण पावसाळ्यात ती पाणी धरते आणि आतली लोखंडी नळी सडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११३ वा नियम एक्झॉस्ट पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नसावा असे सांगतो. कापूस किंवा कोरडा कडबा वाहणाऱ्या गाडीला आम्ही त्याहून बरेच अंतर सुचवू. चेसिसमध्ये अडकलेल्या पाल्याला पेट घ्यायला फार वेळ लागत नाही.

राहिला आवाज. ‘भो, जरा घुमला पाहिजे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली चिरडल्याच्या बातम्याही वाचल्या आहेत. १२० वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा कैदही मालकाला होऊ शकते. एमएच-१८ असो वा एमएच-१९, फिटनेसला उभे राहावे लागणार ते मालकालाच, हे त्याला कामाआधी सांगा. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या, धंद्यात नसलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. तिच्यात इंजिन, चेसिस किंवा बॉडीत मोठा बदल चालत नाही. म्हणून काढलेला मूळ मॅनिफोल्ड ग्राहकाला परत द्या आणि बिलावर तशी नोंद करा.

आपल्या भागातल्या एफसी आणि पेट्रोल जीपच्या ब्लॉकच्या तोंडांची पुठ्ठ्यावरची मापे कुणाकडे जपून ठेवलेली असतील, तर तोंडांतले अंतर, स्टडची जाडी आणि भोकांचा व्यास लिहून कार्यालयात पाठवा. पाठवण्याआधी तीच नक्कल दुसऱ्या गाडीच्या ब्लॉकवर धरून पाहा. दोन गाड्यांवर जुळलेली मापे आम्ही पुढील अंकात नकाशासह छापू.