एक ठिपका कमी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी सर्वांत आधी जाग येते ती माझ्या टेलिफोनला. वसुबारसेच्या पहाटे तो जो किणकिणू लागतो, तो भाऊबीज उलटेपर्यंत थांबत नाही. विम्याचे एजंट, चष्म्याचे दुकानदार, दहावीला माझ्या बाकावर बसणारा आणि पुढे पंचवीस वर्षांत एकदाही न भेटलेला वर्गमित्र, असे सगळे मला सुखसमृद्धी चिंतितात. गंमत अशी की सगळ्यांची समई एकच, पणत्यांची रांग एकच आणि 'आपणांस व आपल्या कुटुंबीयांस' हे शब्दही तेच. एका दिवाळीत एकच चित्र मला एकोणीस जणांकडून आले. मीही मोठ्या तत्परतेने ते विसाव्याकडे रवाना केले. तेव्हा दुसऱ्याला हसण्याचा अधिकार मला नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

हा आळस आजच्या पिढीचा आहे असे मात्र कोणी समजू नये. नाताळच्या छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी 'वेळ नाही' या सबबीतून झाला. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल या कामात गढलेल्या गृहस्थांना नाताळची पत्रे लिहायला सवड होईना. त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या हजारभर प्रती छापविल्या. स्वतःला लागल्या तेवढ्या ठेवून बाकीच्या एका शिलिंगाला एक या दराने विकायला काढल्या. म्हणजे उरक आधी आला आणि शुभेच्छा मागून आल्या! आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी एका पैशाचे पोस्टकार्ड सुरू झाले. त्यावर चित्रबित्र काही नव्हते; पण मजकूर तरी ज्याचा त्याला लिहावा लागे. माझ्या लहानपणी संक्रांतीला पाकिटातून छापील कार्ड येई आणि सोबत पोस्टाच्या शिक्क्याखाली चुरडलेले हलव्याचे चार दाणे. कार्ड आम्ही बाजूला टाकीत असू आणि दाण्यांसाठी भांडत असू. मुलांना खरे काय आणि छापील काय, हे बरोबर कळते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या जळगावच्या महाविद्यालयात मी वर्गाला एक गृहपाठ दिला. हाताने एक भेटकार्ड करायचे, आणि त्यात स्वतःला ज्याचे वेड आहे ती गोष्ट आली पाहिजे. विकतचे चित्र चालणार नाही. कवितेची उसनी ओळही चालणार नाही. मराठीच्या मास्तरानेच ही दुसरी अट घालावी, याचे मुलांना मोठे नवल वाटले.

आठ दिवसांनी माझ्या टेबलावर जे काही जमले, ते पाहून नवल वाटण्याची पाळी माझी होती. रावेरकडच्या एका मुलाने केळीच्या वाळलेल्या सोपटाचे तुकडे कापून तापीतली नाव केली होती. ज्या सोपटाने फुलवाले गजरे बांधतात, त्यात फिक्या बदामी रंगापासून काळपट तपकिरीपर्यंत इतक्या छटा असतात, हे जळगावात इतकी वर्षे राहून मला माहीत नव्हते. तो म्हणाला, "सर, लोकांना केळं दिसतं. आम्हाला झाड दिसतं." भुसावळच्या एका आगगाडीवेड्याचे कार्ड रेल्वेच्या फाटकासारखे उघडत होते. एका मुलीने पिंपळाच्या पानाची जाळी केली होती. हिरवे पान तीन-चार आठवडे पाण्यात कुजत ठेवायचे, पाणी बदलत राहायचे, गर सुटला की मऊ कुंचल्याने तो हलकेच काढायचा आणि शिरांची जाळी टिपकागदात दाबून वाळवायची. आठ दिवसांत हे व्हायचे नाही. म्हणून तिने पाने धुण्याच्या सोड्यात उकळली. त्यांतली पहिली दोन फाटली, तिसरे कडेला फाटले, तेच तिने लावले. आणखी एकीला स्वयंपाकाचे वेड. तिने भरिताची कृती लिहिली होती, वांगी भाजायला कपाशीच्या काड्या घ्याव्यात इथपासून. कार्डावर तेलाचा रुपयाएवढा डाग. "पुन्हा लिहून काढू का सर?" तिने विचारले. मी म्हणालो, "मुळीच नको. वास येतोय तो त्या डागाचाच."

खरे तर हा वारसा आमच्या खानदेशाचाच आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिक काढीत. छापखान्याचे तोंड न पाहिलेले ते दैनिक! वाचक मोजके, पण प्रत्येकाचा चेहरा लिहिणाऱ्याला ठाऊक. आणि चाळीसगावचे केकी मूस घ्या. १९१२ साली जन्मलेला हा कलावंत आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडे. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून तो त्यांतून अख्खा देखावा उभा करी आणि त्याचे छायाचित्र घेई. १९८९ साली तो गेला, पण चाळीसगावात त्याचे कलादालन आजही पाहायला मिळते. एकाचे वेड मुलांचे, दुसऱ्याचे वेड वस्तूंचे. वेड म्हटले की माणूस हाताशी असेल त्यातून काहीतरी करतोच, दुकानात जायला तो थांबत नाही.

हे सगळे मी वर्गात मोठ्या रंगात येऊन सांगितले. तास संपता संपता ती भरितवाली मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही कुणाला पाठवणार कार्ड?"

वर्गात मी सहसा निरुत्तर होत नाही. त्या दिवशी झालो.

कारण मलाही एक वेड आहे, ते मोडी लिपीचे. मी मूळचा धुळ्याचा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले आणि त्यांनी जमविलेली कागदपत्रे तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत. एम. ए. करताना त्या दफ्तरांच्या नादाने मी मोडी शिकलो आणि मग दर दिवाळीला नातेवाइकांना बोरूने मोडीत कार्डे लिहू लागलो. काळी शाई, लांबलचक शिरोरेषा, खाली वळणदार सही. एकाही नातेवाइकाला त्यातले एक अक्षर लागत नसे. धुळ्याच्याच माझ्या ताईने एकदा स्पष्ट सांगितले, "भाऊ, तुझं कार्ड आलं की मला राजवाडे मंडळात जावं लागतं!" सगळे हसले, मीही हसलो. त्यात काही खोच आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही. मी दरवर्षी माझे वेड तिच्या घरी पाठवीत होतो. तिचे वेड काय, हे मी कधी विचारलेच नव्हते.

आणि गेल्या वर्षीपर्यंत विचारायची सोयही उरली नव्हती. वडील गेल्यावर धुळ्याच्या गल्लीतल्या वडिलोपार्जित घराचा प्रश्न निघाला. मी म्हणालो, विकून टाकू. ताई म्हणाली, निदान पुढची खोली आणि अंगण तरी राहू दे. शब्दाने शब्द वाढला आणि मी म्हणून गेलो, "तुझं लग्न झालं. आता त्या घराशी तुझा काय संबंध?" कायद्याने तिचा वाटा माझ्याइतकाच आहे, २००५ साली त्यात उरलीसुरली पळवाटही बुजली, हे मला चांगले ठाऊक होते. ठाऊक असून बोललो. ताई एक शब्दही न बोलता उठून गेली. त्यानंतर दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळ्यावरून एस. टी.चा दोन-अडीच तासांचा रस्ता. पण मी काही गेलो नाही. दोन्ही दिवाळ्यांत मी तिला ती सर्वांची समई टेलिफोनवरून पाठविली. तिचे जोडलेले दोन हात आले. छापील प्रश्नाला छापील उत्तर.

त्या मुलीच्या प्रश्नाने मी रात्रभर अस्वस्थ होतो. ताईला वेड कशाचे? आणि एकदम आठवले, ठिपक्यांच्या रांगोळीचे! दिवाळीत आमचे अंगण तिच्या ताब्यात असे. ठिपके पाडायला वडील तिला कागद करून देत. जुन्या दिनदर्शिकेचे जाड पान घ्यायचे, पट्टीने खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर पेटती उदबत्ती टेकवून भोक पाडायचे. कागद जमिनीवर पसरून वरून रांगोळी फिरवली की खाली ठिपक्यांची फौज उभी राही. आम्ही दोघे दोन बाजूंनी कागद उचलत असू. माझे त्या रांगोळीतले काम तेवढेच होते.

दुसऱ्याच दिवशी मी कपाटावरून जुनी दिनदर्शिका काढली. पंधरा ते आठ ठिपक्यांचा कागद करायचे ठरविले. मधल्या ओळीत पंधरा, मग वर-खाली एकेक कमी होत आठापर्यंत, एकूण पंधरा ओळी आणि १६९ ठिपके. भाषेच्या मास्तराला एवढा हिशेब पुरेसा जड गेला. उदबत्ती जास्त वेळ टेकली की भोक पसरे, कमी टेकली की नुसता डाग पडे. घरभर धूर झाला. आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारले, "पूजा चाललीय की घर जाळताय?" अर्ध्याअधिक ठिपक्यांनंतर मात्र हाताला लय सापडली. वडील मांडी घालून, जीभ ओठांत धरून हेच काम करीत असत, ते डोळ्यांसमोर आले आणि थोडा वेळ मला उदबत्ती खाली ठेवावी लागली.

कागदाच्या चार घड्या घातल्या. वरच्या घडीवर काय लिहावे? क्षमेची दोन पाने लिहून फाडली. मोडीला हात लावला नाही. साध्या बाळबोध अक्षरांत लिहिले: 'ताई, ठिपके माझे. रांगोळी तुझी.' पाकिटात घालून तिकिटे लावली आणि पोस्टात टाकले.

वसुबारस गेली. धनत्रयोदशी गेली. नरकचतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नान आटोपून मी फराळाला बसत होतो, तोच टेलिफोन वाजला. समई नव्हे, खरोखरीचा वाजला.

"भाऊ, तुला मोजता येतं का?"

मी गप्प.

"वरून पाचव्या ओळीत बारा हवेत. अकराच आहेत. पहाटे अंगणात कागद टाकला, निम्मी रांगोळी जोडून झाली आणि कमळाची एक पाकळी उघडीच राहिली!"

"मग?"

"मग काय! चिमटीनं घातला एक. बाबांचा कधी चुकला नव्हता हो ठिपका."

'बाबा' हा शब्द आम्हा दोघांत दोन वर्षांनी उच्चारला गेला. थोडा वेळ दोन्हीकडे कोणीच बोलेना. मग आमची आई ज्या अहिराणीत आम्हाला हाक मारी, त्याच सुरात ती म्हणाली, "कसा शे रे भाऊ?"

मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. भाऊबिजेला धुळ्याला गेलो, हे आठवते. घराचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. तो अजूनही पुरता सुटलेला नाही, पण आता आम्ही त्यावर एका ताटावर बसून भांडतो. त्या एका वाक्याबद्दल मी तिची तोंडाने क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, "ते कागदावरच कळलं. आधी चिवडा खा."

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की हाताने केलेल्या कार्डाचे महत्त्व त्याच्या सौंदर्यात नसावे. सुंदर कार्डे छापखाना माझ्याहून कितीतरी चांगली करतो. पण छापील कार्डात चूक नसते, म्हणून त्याला उत्तरही नसते. ते पाहायचे आणि ठेवून द्यायचे. फाटकी जाळी, तेलाचा डाग, राहून गेलेला ठिपका, यांतून दुसऱ्याला आत यायला जागा मिळते. आपल्या आवडीचे आपण करावेच. पण शेवटची रेघ ज्याला कार्ड जायचे त्याच्या आवडीसाठी मोकळी ठेवावी.

यंदाचा कागद करायला घेतला आहे. "मोजून पाठव," असे ताईने आधीच बजावले आहे. एक ठिपका मुद्दामच गाळावा, असे मनात येऊन गेले. पण ती लबाडी तिला तिथल्या तिथे कळेल. म्हणून प्रामाणिकपणे १६९ मोजतो आहे. चूक आपोआप होईलच. तेवढा भरवसा माझ्या गणितावर मला आहे.